वाघिणीची भिंतीकडची बाजू

माझ्या आतोबांच्या दुकानात डोळे तपासायला जायचं असेल तर जुना चष्मा आणि भरपूर वेळ बरोबर घेऊन जावं. आतोबा कामाला हळू आहेत असं मुळीच नाही. चष्म्याच्या कामात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा नाही. पण आपण आत शिरतो तेव्हा ते बहुतेक वेळा चष्म्याच्या कामात नसतात. काउंटरमागे मान खाली घालून बसलेले असतात, एक भिंग कपाळावर, दुसरं डोळ्याला, हातात चिमटा, आणि वर न बघता म्हणतात, "बसा. आत्ताच सुरकुत्या पडल्यात."

नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या चेहऱ्याबद्दल चाललंय. एक बाई तर तडक उठून गेल्या. त्या आता समोरच्या चष्मेवाल्याकडे जातात आणि आत्याला बाजारात ओळख दाखवत नाहीत.

सुरकुत्या पडलेल्या असतात त्या डेकलला. आता हे नीट सांगायला हवं. आतोबा मालगाडीचे डबे करतात. त्यांना खेळणी म्हटलेलं खपत नाही. खेळणं म्हणालात तर चष्म्याची काडी मुद्दाम आवळ बसवून देतील. खरी वाघीण, म्हणजे मालगाडीचा एक डबा, जशी असेल तशीच, फक्त सत्त्याऐंशी पटींनी लहान. (मालाच्या डब्याला वाघीण का म्हणतात ते मला माहीत नाही. आत्याच्या मते नाव बरोबर ठेवलंय, कारण घर त्यांनीच खाल्लं.) प्लास्टिकचा पातळ पत्रा कापून भिंती करायच्या, खिळे म्हणून सुईच्या टोकाने ठिपके उठवायचे, रंग द्यायचा, आणि मग त्यावर लिहायचं. खऱ्या वाघिणीवर बरंच लिहिलेलं असतं: नंबर, किती माल भरायचा, रिकामी असताना वजन किती, शेवटची दुरुस्ती कधी. हे सगळं मोहरीएवढ्या अक्षरात हाताने लिहिता येत नाही. ते एका पारदर्शक पापुद्र्यावर छापून मिळतं. त्यालाच डेकल म्हणतात. कापायचा, पाण्यात सोडायचा, खालच्या कागदावरून सुटला की ओल्या ब्रशने डब्यावर सरकवायचा आणि वरून त्याला मऊ करणारं द्रव लावायचं. द्रव लावलं की पापुद्रा असा काही आक्रसतो, अशा काही सुरकुत्या पडतात, की वाटतं, गेलं सगळं वाया. त्या वेळी जो बोट लावेल तो संपला. गप्प बसून राहिलं तर थोड्या वेळाने तो आपला आपण पसरतो आणि अंगाला असा चिकटतो की खालचे खिळेसुद्धा वर दिसतात.

सुरकुत्या पडल्या की हात लावायचा नाही, हा त्या घरातला एकमेव कायदा. मी त्या गावी नोकरीला लागलो आणि आत्याकडे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आत्याचं काहीतरी बिनसलं होतं. मी समजूत काढायला स्वयंपाकघराकडे निघालो, तर आतोबांनी माझी बाही धरली. "थांब. सुरकुत्या पडल्यात. आपोआप बसतील."

"मला ऐकू येतंय हं!" आतून आवाज आला.

"बघ," आतोबा म्हणाले, "अजून ओलंच आहे."

दुकानात अक्षरांचा तक्ता आहे, पण त्याच्यासमोर वाघिणींची फळी आल्यामुळे त्याची फक्त वरची दोन अक्षरं दिसतात, आणि ती तर माझ्या आजोबांनाही चष्म्याशिवाय दिसली असती. त्यामुळे आतोबा गिऱ्हाइकाच्या हातात वाघीणच देतात. "हं, दाराच्या खालची ओळ वाचा. आता हे भिंग लावून वाचा. आता?" गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना स्वतःचं वजन सांगता येणार नाही, पण रिकाम्या कोळशाच्या वाघिणीचं वजन तोंडपाठ आहे.

असा हा माणूस. हाताने सोनं, डोळ्याने घार, आणि डोक्याने… आत्या म्हणते ते मी लिहीत नाही.

कारण आतोबांचा एक हट्ट होता. पाहिलं नाही ते लिहायचं नाही. वाघिणी ते फोटोवरून करायचे, आणि फोटोत एकच बाजू दिसते. दुसऱ्या बाजूला काय लिहिलंय, कोण सांगणार? बाकीचे कारागीर सरळ तेच दोन्हीकडे लावून मोकळे होतात. आतोबा नाही. ते दुसरी बाजू रंगवायचे, गंज चढवायचे, धूळ बसवायचे, पण अक्षर एक नाही. घरच्या फळीवर काही बिघडायचं नाही, कोरी बाजू भिंतीकडे. बाहेरगावचं गिऱ्हाईक मात्र पार्सल उघडून फोन करायचं, की अहो, एका बाजूचं राहिलं वाटतं. आतोबा शांतपणे सांगायचे, "राहिलं नाही. ती बाजू तुम्ही पाहिलीत का? मीही नाही. दिसली की कळवा, लगेच लावून देतो."

आता टेबल. आत्याच्या घरात सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आहे. तिने हौसेने निवडून आणलेलं. त्यावर ती आयुष्यात किती वेळा जेवली असेल, ते तीच जाणे. कधीतरी आतोबांनी त्याच्या एका कोपऱ्यावर 'फक्त आजच्या दिवस' एक वाघीण वाळत ठेवली. मग ती वाळेपर्यंत दुसरी. आता त्या टेबलावर रंगाच्या बाटल्या, पत्र्याचे तुकडे, चिमटे, पाण्याच्या बशा आणि मधोमध 'हात लावू नये' अशी पाटी. सगळे सोफ्यावर बसून मांडीवर ताट घेऊन जेवतात. पातळ काही मांडीवर सांडतं, म्हणून त्या घरात पातळ पदार्थ होणंच बंद झालं. मी आलो तेव्हा मला वाटलं, आत्याला कोरडंच आवडतं.

या वर्षी आत्याने ठरवून टाकलं. आम्ही जेवत होतो. तिने ताट मांडीवरून स्टुलावर ठेवलं, आणि ताट खाली ठेवून ती बोलते तेव्हा ऐकायचं असतं.

"अहो, तुमच्या त्या वाघिणी करणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात दरवर्षी एक लांबलचक मालगाडी फिरते. बरोबर?"

"बरोबर."

"प्रत्येक सभासदाची एक वाघीण तिच्यात असते."

"असते."

"तुमची कधी होती?"

आतोबा घास चावत राहिले. खरं तर तो चावून झालेला होता.

"या वर्षी लागली, तर टेबल कायमचं तुमचं. मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही लागली, तर प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यावर सूप वाढणार. तू साक्षीला आहेस रे."

मी मान हलवली. मला सूप आवडतं, पण तो मुद्दा नव्हता.

आतोबांची वाघीण कधी न लागण्याचं कारण म्हणजे क्लबचे अध्यक्ष. त्यांचा गाद्यांचा धंदा. क्लबचा हॉल त्यांच्याच गोदामाच्या वर आहे, त्यामुळे रुळांवर कापूस येतो आणि इंजिन मधेच धापा टाकत उभं राहतं. पण हॉल फुकट असल्यामुळे कोणी बोलत नाही. रूळ हॉलच्या मधोमध गोल फिरतात, लोक आतूनही बघतात आणि बाहेरूनही. म्हणून अध्यक्षांचा नियम: वाघीण दोन्ही बाजूंनी लिहिलेली हवी, आणि लिहिण्यात चूक नको. हा त्यांचा गादीवाल्याचा विचार. गादी कशी, उलटी टाका, सुलटी टाका, तीच. एका बाजूने कोरी वाघीण बघितली की त्यांना अभ्रा न घातलेली उशी बघितल्यासारखं व्हायचं.

दरवर्षी आतोबा जायचे, हुज्जत घालायचे आणि वाघीण डब्यात घालून परत आणायचे. या वर्षी मात्र त्यांनी टेबलाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग दुसरी बाजू जाऊन बघायला हवी."

गावात एक खरी वाघीण होती. जुन्या सिमेंटच्या गोदामामागे, वापरात नसलेल्या रुळावर, माझ्या जन्माआधीपासून उभी. आतोबांनी तिची रस्त्याकडची बाजू कधीच करून ठेवली होती, सुंदर, गंजाच्या ओघळांसकट. शेवटी नंबर पांढऱ्या आकड्यांत, अखेरचे दोन आकडे चार आणि सात. दुसरी बाजू गोदामाच्या भिंतीकडे. वाघीण आणि भिंत यांच्यात फट एवढीच, की एखादा सडपातळ माणूस तिरका होऊन, श्वास बाहेर ठेवून आत जाईल. त्यातून बातमी आली होती, की भंगारवाला त्याच आठवड्यात ती कापून नेणार.

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे. आतोबा सडपातळ नाहीत. बसून करायचे दोन धंदे केले की पोटाचं जे होतं, ते त्यांचं झालं आहे.

"मी जातो आत," मी म्हणालो. "मी मावतो."

"तू नको. तुझ्या डाव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे. तीनला आठ वाचशील."

"चष्मा आहे ना. तुम्हीच दिलेला."

"दिला आहे, पण तू तो कशाने पुसतोस ते मी पाहिलंय."

मग मी शहाणपणा केला. घरून पडद्याची काठी आणली होती, तिला माझा फोन बांधला, व्हिडिओ सुरू केला आणि काठी फटीत घातली. फोन दोन हात आत गेला, भिंतीला आपटला, सुटला आणि खाली गवतात पडला. आतोबांच्या चेहऱ्यावर दुःख दाखवायचा प्रयत्न दिसला, पण तो फार वेळ टिकला नाही.

"आता तर जावंच लागेल," ते म्हणाले आणि तिरके होऊन आत शिरले.

बाहेरून मला त्यांची एक चप्पल आणि एक कोपर दिसत होतं. नाक पत्र्याला टेकलेलं, त्यामुळे त्यांना एका वेळी एकच अक्षर दिसत होतं. पण आवाज खूश होता. "भरायचा माल… तेच. रिकामं वजन… तेच. अरे, दुरुस्तीची तारीख या बाजूला आहे! बघ, मी म्हणत नव्हतो? हं, आता नंबर. तीन… शून्य… दोन… सात… चार."

"चार, सात," मी म्हणालो.

"सात, चार."

"आतोबा, इकडे चार-सात आहे. सत्तेचाळीस."

"आणि इकडे चौऱ्याहत्तर आहे!"

मग आतून हसणं सुरू झालं. "पेंटर चुकला! अरे, एक बाजू करून जेवायला गेला असेल, परत येऊन झोपेत दुसरी केली! आणि इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही!" आतोबा पोटातून हसतात. ते पोट हसता हसता फुगलं, आणि त्याला जिथे फुगायला नको होतं नेमकं तिथे फुगलं. हसणं थांबलं. मग थोड्या वेगळ्या आवाजात, "अरे, मी अडकलोय बहुतेक."

तेवढ्यात गोदामाचा वॉचमन आला. त्याने चपलेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत कोण आहे?"

"आमचे आतोबा."

"काय करतायत?"

"वाचतायत."

"वाचायला बाहेर जागा नाही?"

मी त्याच्याच फोनवरून आत्याला बोलावलं. ती एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात भांड्यांच्या साबणाची बाटली घेऊन आली. काय झालंय हे मी फोनवर धड सांगितलंही नव्हतं. तिने आपला अंदाज बांधला होता.

"अहो, आहात ना?"

"आहे. जाणार कुठे?"

"पोट आत घ्या."

"घेतलंय. हे आत घेतलेलंच आहे."

मी आणि वॉचमनने त्यांचा हात धरून जोर लावला. आतून जी आरोळी आली ती दुखण्याची नव्हती, कारागिराची होती. "ओढू नका! ओढलं की फाटतं! कडेकडेने पाणी सोडा. आता थांबा. थांबा म्हणतो ना. भिजू द्या. आपोआप सुटेल, मग हळूच सरकवा."

वॉचमनने मला हळूच विचारलं, "कुठे लागलंय का डोक्याला?"

"नाही," आत्या म्हणाली. "ते असेच आहेत." आणि ती पलीकडच्या टोकाला गेली, बाटली दातात धरली आणि फटीत शिरली. ती कशी मावली असं कोणी विचारू नये. ज्या घरात टेबल ते असं आहे, तिथे बायका कमी जागेत फिरायला शिकतात. थोडा वेळ फक्त साबणाची पुचपुच आणि दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"तुमच्या खांद्यामागे लावते."

"गुदगुल्या करू नकोस, मी फुगेन."

"आई गं! हा बोल्ट कुणी ठेवला इथे?"

"वाघिणीचाच आहे तो. चारच्या खालचा."

मग आतोबा ओल्या पापुद्र्यासारखे, एकदम नव्हे, हळूहळू, एका बाजूने सुटत बाहेर सरकले. शर्टाची बटणं आत राहिली. पोटावर फेस. पाठोपाठ आत्या आली, केस भिजलेले, कोपर सोललेलं, हातात माझा फोन. फोनची काच तडकली होती आणि त्यातल्या व्हिडिओत माझी बोटं, काठी, आभाळ आणि नंतर नुसतं गवत होतं.

दुसऱ्याच दिवशी, आम्ही पुन्हा फोटो काढायला जायच्या आत, भंगारवाल्याने वाघीण कापून नेली. गोदामामागे आता नुसता रूळ आहे.

त्या संध्याकाळी आतोबांनी टेबलावर दिवा ओढून घेतला आणि भिंतीकडची बाजू लिहायला घेतली. दुरुस्तीची तारीख लावली. मग चिमट्यात नंबराचा डेकल धरून नुसते बसून राहिले. मला कळलं काय चाललंय ते. अध्यक्षांचा नियम: चूक नको. दोन बाजूंना दोन नंबर म्हणजे त्यांच्या लेखी उघड चूक, आणि दाखवायला खरी वाघीण उरली नव्हती.

"आतोबा," मी हळूच म्हणालो, "सत्तेचाळीसच लावा ना दोन्हीकडे. कोण बघायला जातंय आता? टेबल वाचेल."

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "तुझ्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे आहेत. चष्म्यात एकाच नंबरची दोन भिंगं घालून देऊ? बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. छान दिसेल. तू तेवढा खांबावर आपटशील."

आणि चौऱ्याहत्तर पाण्यात सोडला.

आत्या सोफ्यावर बसून कोपराला मलम लावत होती. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून फुलाफुलांचं मेणकापड आणलं, टेबलाच्या मापाचं. ते गुंडाळून दाराशी उभं करून ठेवलं, आतोबांना येता-जाता दिसेल असं. आतोबा त्याला वळसा घालून जायचे. ती मापाची टेप घेऊन टेबलाभोवती फिरली, तेव्हा मात्र त्यांनी रंगाच्या बाटल्या दोन्ही हातांनी जवळ ओढल्या, पिल्लं असल्यासारख्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये वाघिणींची तपासणी असते. टेबलाचा निकाल ऐकायला आत्याही आली. अध्यक्ष खुर्चीवर बसले होते, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग, जे आतोबांच्याच दुकानातलं आहे. त्यांनी टॉर्च खाली ठेवून आमची वाघीण उचलली. एक बाजू बघितली आणि मान डोलावली. उलटी केली, अक्षरं दिसली, भुवया वर गेल्या. "वा! या वर्षी दोन्ही बाजू! शेवटी माझं पटलं म्हणायचं." मग भिंग जवळ नेलं. परत पहिली बाजू. परत दुसरी. गादीत गाठ लागल्यासारखा चेहरा.

"नंबर चुकलाय."

"चुकलाय," आतोबा म्हणाले. "माझा नाही. पेंटरचा. खरी वाघीणच तशी होती."

"कुठे आहे खरी वाघीण?"

"कापली."

"फोटो?"

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"म्हणजे तुम्ही सांगताय आणि आम्ही ऐकायचं," अध्यक्ष म्हणाले. "अहो, फटीत अडकला होतात तुम्ही. गावभर झालंय. नाक पत्र्याला, जीव घाबराघुबरा. चाराचा सात आणि साताचा चार व्हायला कितीसा वेळ लागतो? मी उद्या माझ्या गादीच्या एका बाजूला सहा फूट लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला पाच, तर चालेल?"

"खरंच तशी असेल तर चालेल."

"दोन्हीकडे सत्तेचाळीस लावा. अजून वेळ आहे. मी आत्ता घेतो गाडीत."

सगळे आतोबांकडे बघायला लागले. आतोबांचं आधी वाघिणीकडे लक्ष होतं, मग का कोण जाणे, त्यांनी आत्याच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून मेणकापडाची फुलं डोकावत होती. ते म्हणाले, "नाही लावत." आणि वाघिणीचा डबा उघडला. झाकणाला नेहमी करकरणारी बिजागरी आहे. ती त्या वेळीही करकरली.

"चौऱ्याहत्तरच आहे," आत्या म्हणाली.

अध्यक्षांनी वर बघितलं. "वहिनी, तुम्ही—"

"मी आत होते. दुसऱ्या टोकाने. साबण लावायच्या गडबडीत नंबराचं बोलले नाही, पण डोळे उघडेच होते माझे. सात, मग चार, आणि चारच्या खाली बोल्ट. हा बघा." तिने बाही वर केली. कोपरावर खपली धरलेली जखम होती, गोल, बोल्टच्या डोक्याएवढी.

अध्यक्ष हसले. "वहिनी, राग मानू नका. पण नवऱ्याची बाजू तुम्ही नाही घेणार तर कोण?"

"बाजू घेते?" आत्याने पिशवीतून मेणकापड बाहेर काढलं आणि त्यांच्या टॉर्चवर ठेवलं. "ही बघा बाजू. यांची वाघीण लागली तर घरातलं जेवणाचं टेबल कायमचं यांचं. नाही लागली तर माझं. मी मापाचं कापड घेऊन आलेय, अध्यक्ष. सूप काय करायचं तेसुद्धा ठरलंय. मला नुसतं गप्प बसायचं होतं."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. खालून गोदामातला कापूस पिंजण्याचा आवाज येत होता. अध्यक्षांनी मेणकापड हातात घेतलं, बोटांत धरून पोत बघितला, धंद्याची सवय. मग आत्याकडे बघितलं. मग आतोबांकडे. धंदा करणाऱ्या माणसाला एक गोष्ट लगेच कळते: जो स्वतःचं नुकसान करून बोलतो, त्याच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

"गाडीत घ्या," ते म्हणाले. "इंजिनापासून तिसरी. पण मला विचारायला आलेल्या प्रत्येकाला मी यांच्याकडे पाठवणार आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी फिरली. आत उभे असलेले म्हणायचे चौऱ्याहत्तर, बाहेर उभे असलेले म्हणायचे सत्तेचाळीस, आणि मधोमध आतोबा घसा बसेपर्यंत जेवायला गेलेल्या पेंटरची गोष्ट सांगत होते. प्रत्येक वेळी पेंटर जेवायला थोडा जास्त वेळ घेत होता. अध्यक्षांनी गोष्ट इतक्यांदा ऐकली की संध्याकाळपर्यंत तेच ती सांगू लागले, आणि त्यांच्या गोष्टीत पेंटर गादीवर झोपला होता.

घरी आलो तर आत्या टेबलापाशी उभी. हातात कात्री. तिने मेणकापड उलगडलं, एका खुर्चीसमोर मावेल एवढा तुकडा कापला, बाटल्या हाताने सरकवून टेबलाच्या टोकाला अंथरला आणि उरलेलं कापड आतोबांच्या हातात दिलं. "हे वाघिणींवर घाला, धूळ बसणार नाही. हा एवढा तुकडा माझा. शब्द दिलाय म्हणून बाकीचं तुमचं."

आतोबांनी पाण्याची एक बशी उचलून तिच्या तुकड्यापासून लांब ठेवली.

रात्रीच्या जेवणाला आत्या आपल्या तुकड्यावर सूपचा वाडगा घेऊन बसली. मला सोफ्यावर, मांडीवर, कोरडं. पलीकडे आतोबा नव्या वाघिणीला डेकल लावत होते.

"जपून हं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सुरकुत्या पडल्यात."

"दिसतंय मला. मी काय या घरात आज आले?" तिने चमचा फुंकला. "अहो, दूध डेअरीच्या मागे ती गोल टाकीची वाघीण उभी आहे बघा. भिंतीला चिकटून. तिची पलीकडची बाजू कोणी पाहिलीय?"

आतोबांनी चिमटा खाली ठेवला. आयुष्यभर कुणाच्या डोळ्यांवर भरवसा न ठेवलेला हा माणूस. माझ्या डोळ्यांवर तर नाहीच नाही. ते थोडा वेळ तिच्या चष्म्याकडे बघत राहिले. तो त्यांनीच दिलेला, आणि ती तो नीट पुसते.

"मी मावायचो नाही तिथे," ते म्हणाले. "तू बघून ये. तू पाहिलंस म्हणजे झालं."

आत्याने सूप संपवलं, वाडगा बाजूला सारला आणि माझ्याकडे वळली. "रविवारी रिकामा आहेस ना रे? तुझा फोन लागेल."

मी फोन उशीखाली सरकवला आणि म्हणालो, की चार्जिंग संपलंय.